जाहीर केलेली तारीख

पडदा वर जातो आणि दिसते एक लहानशी खोली. उजवीकडे खिडकी, पण खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत उभी, त्यामुळे उजेड आत येतो तो तिची परवानगी घेऊनच. मध्यभागी टेबल. टेबल म्हणजे एक जुनं दार, दोन लोखंडी घोड्यांवर आडवं टाकलेलं. कडीकोयंड्याची भोकं अजून तशीच. त्यावर दोन स्क्रीन, अक्षरं झिजलेला कीबोर्ड आणि कधीचा गार झालेला चहा. मागे दोरीवर टॉवेल वाळताहेत. खुर्चीत पाठमोरी बसलेली बाई, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. ती बराच वेळ काहीच करत नाही. नुसती वाचते. मग एक ओळ खोडते, एक लिहिते, खुर्ची मागे ढकलते आणि स्वतःशीच म्हणते, "चला, हे बुजलं."

एवढाच प्रवेश. ना टाळी, ना शिट्टी. असा प्रवेश कुणी आमच्या नाटक कंपनीत लिहून आणला असता, तर दिग्दर्शकाने चहाबरोबर परत पाठवला असता. पण ही बाई माझी सून, आणि गेली कित्येक वर्षं हा प्रवेश मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून रोज बघते. गुडघे गेल्यापासून मला रंगमंच नाही. प्रेक्षक मात्र मी अजून चांगली आहे.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तू करतेस तरी काय गं नेमकं?"

"वेबसाईट बनवायचं एक सॉफ्टवेअर आहे, आई. फुकट असतं. कुणीही घ्यावं आणि आपली वेबसाईट उभी करावी. आम्ही काही जण मिळून ते बनवतो. दर सहा महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती येते."

"अरे वा. म्हणजे दर सहा महिन्यांनी नवं नाटक!"

"तसंच."

"आणि त्यात तुझी भूमिका?"

"मी जुनी आवृत्ती सांभाळते."

माझा चेहरा पडला असावा. ती हसली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता मला समजावत गेली. मोठ्या कंपन्या दर सहा महिन्यांनी नव्या आवृत्तीवर उडी मारतात, त्यांच्याकडे माणसं असतात. पण एखादं वाचनालय, एखादा दवाखाना, पोहण्याच्या तलावाचं ऑफिस, यांनी कुठे सारखं सारखं घर बदलायचं? म्हणून काही वर्षांतून एकदा एक आवृत्ती निवडायची आणि जाहीर करायचं, की ही आम्ही पाच वर्षं सांभाळू, अमुक तारखेपर्यंत. तोवर तिच्यात नवीन काही घालायचं नाही, फक्त भोकं, म्हणजे राहून गेलेल्या चुका, बुजवायची. नव्या आवृत्तीत कुणाला एखादं भोक सापडलं की तेच जुनीत आहे का ते हिने शोधायचं, आणि असेल तर बाकी कशाला धक्का न लावता बुजवायचं.

"म्हणजे नवं नाटक उभं राहिलं तरी जुन्याचे जाहीर झालेले प्रयोग करायचेच," मी म्हणाले.

"हो. आणि एकही वाक्य न बदलता."

"आणि टाळ्या नव्याला."

"टाळ्या नव्याला," ती म्हणाली आणि माझ्या मुलाचा सदरा माझ्या हातात दिला. "याची बाही उसवलीय. हे भोक तुमच्याकडे."

अशी ती. तिच्याबरोबरची मंडळी कुठे कुठे विखुरलेली, आठवड्यातून एकदा स्क्रीनवर भेटत. वयाने ती त्यांच्यात मधली, पण सगळे तिला 'जुनी ताई' म्हणत. त्यांचा जो म्होरक्या होता त्याला मी 'कप्तान' नाव ठेवलं होतं, कारण तो बोलायला लागला की मागे वारा सुटल्यासारखं वाटायचं. माणूस वाईट नव्हता. त्याला पुढे जायची घाई होती, आणि पुढे नेणाऱ्याला ती असावीच लागते.

सुनेलाही पुढे जायचं होतं. हे लोकांना ठाऊक नव्हतं, मला होतं. रविवारी दुपारी, घर झोपलेलं असताना, ती स्वतःच्या हौसेने काहीतरी लिहीत बसे. वेबसाईटवरच्या याद्या आणि तारखा दाखवायची एक नवी रीत तिने शोधली होती. कप्तानाने ती बघितली आणि म्हणाला, पुढच्या मोठ्या आवृत्तीत हा सगळा भाग तुझा. जुनीचं काम कुणाला तरी वाटून देऊ. त्या संध्याकाळी ती भांडी घासताना गात होती. तिचा आवाज बेताचाच आहे. माझा मुलगा म्हणाला, "आई, हिला काय झालंय?"

"बढती," मी म्हणाले. "जरा सुरात घे म्हणावं."

"सासूबाई नाटकात गायच्या म्हणून सुनेने गप्प बसायचं का?" आतून उत्तर आलं.

मग ती चूक झाली.

ती चूक अशी होती की, सांगितली तर बाहेरच्या माणसाला ती चूक वाटणारच नाही. त्या सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की एखाद्या यादीत कुणाच्या नावापुढे वेळेचा रकाना रिकामा असेल तर तो माणूस यादीच्या तळाशी दिसेल. पण जुन्या आवृत्तीत तो दिसायचा सगळ्यांत वर. पहिल्या दिवसापासून. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नव्या आवृत्तीत कुणीतरी ते सुधारलं, आणि हिने रिवाजाप्रमाणे जुनीतही सुधारलं. रिकामे तळाशी गेले. ती म्हणाली, "हे बुजलं." ती सुधारणा जुनी आवृत्ती वापरणाऱ्या सगळ्या वेबसाईटांवर आपोआप पोचली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी उंबऱ्यात मटार सोलत बसले होते. ती स्क्रीनकडे बघत होती, आणि मला नुसत्या पाठीवरून कळलं की काहीतरी बिनसलंय. नटाची पाठ बोलते, तशी सुनेचीही बोलते.

"काय झालं गं?"

तिने वळून न बघता वाचून दाखवलं. एका लहानशा संस्थेच्या बाईंनी तक्रारींच्या जागी लिहिलं होतं. त्यांच्या तीन गाड्या. आजारी, म्हाताऱ्या, चालता न येणाऱ्या माणसांना घरून उचलायचं आणि दवाखान्यात पोचवायचं. वेबसाईटवर लोक नाव नोंदवतात, बाई वेळ भरतात, ड्रायव्हर यादी बघून वरून खाली जातो. लिहिलं होतं: 'तुम्ही काय सुधारलंत मला माहीत नाही. आमचे एक आजोबा आहेत, त्यांना आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. ते रोज पहिले असतात. काल यादीत ते सगळ्यांत शेवटी आले. दुपारपर्यंत दारात बूट घालून बसले होते. मशीनची पाळी गेली. संध्याकाळी धाप लागली म्हणून मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तुमचे आभार.'

"आणि आजोबा?" मी विचारलं.

"खाली लिहिलंय. घरी आलेत. बरे आहेत."

"मग बाई, देवाची कृपा."

"माझी नाही ना पण," ती म्हणाली.

तिने त्या बाईंना फोन लावला. स्पीकर लावायची तिला सवय, त्यामुळे माझ्या मटारांनाही सगळं ऐकू आलं. बाईंचा आवाज असा की त्यांना माईकची गरज पडली नसती.

"तुम्हीच का त्या?"

"मीच. तुम्ही वेळ कशी भरत होतात ते मला समजून घ्यायचंय."

"समजून कसलं घेता? ज्याला आधी न्यायचं त्याची वेळ मी भरतच नाही. रिकामी ठेवली की नाव वर जातं. ड्रायव्हरला कळतं की हे आधी. पहिल्यापासून असंच करते मी. ज्या मुलाने वेबसाईट बांधून दिली तो केव्हाच दुसरीकडे गेला, मला कुणी शिकवलं नाही, मीच शोधून काढलंय."

सुनेने कागदावर 'रिकामी म्हणजे आधी' असं लिहून घेतलं.

"आहात ना?"

"आहे. मावशी, मी तुमच्याकडे येऊ का? मला बघायचंय."

"या की. बघायला पैसे पडत नाहीत. बोलणी मात्र खावी लागतील."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मी का गेले? तर तिने नाही म्हटलं नाही म्हणून. आगगाडीने सकाळचा प्रवास, मग चौकातून थोडं चालणं. मी काठी टेकत, ती माझ्या गतीने. ऑफिस म्हणजे एक गॅरेज. शटर अर्धं वर. आत रबराचा आणि फिनेलचा वास. एका भिंतीवर खिळ्यांना किल्ल्या टांगलेल्या, दुसऱ्या भिंतीवर खडूने लिहिलेल्या तारखा: पहिल्या गाडीचे टायर, दुसरीचा विमा, तिसरीचं ऑइल. त्यांच्याच खाली, त्याच अक्षरात, 'वेबसाईट' आणि पुढे एक तारीख. पुरत्या दोन वर्षांनंतरची.

सून त्या तारखेसमोर जाऊन उभी राहिली.

"ही काय आहे मावशी?"

बाई ठेंगण्या, दणकट, डोक्यावर चष्मा. "ते? तो मुलगा जाताना सांगून गेला होता, की तुमची वेबसाईट या तारखेपर्यंत बिनघोर चालेल, त्यांनी तसं जाहीर केलंय. मग तोवर काहीतरी बघायला लागेल. लिहून ठेवलं. टायरसारखंच ना ते, सांगितलेल्या तारखेपर्यंत चालायला हवं."

मग त्यांनी टेबलाशी बसवून दाखवलं. नाव लिहिलं, वेळ रिकामी ठेवली, नाव यादीच्या तळाशी जाऊन बसलं. "बघा. गेलं. माझं सॉफ्टवेअर माझं ऐकत होतं, त्याला उलट उत्तर द्यायला कुणी शिकवलं?"

"मी," सून म्हणाली.

तेवढ्यात एक गाडी आत आली आणि ड्रायव्हरने एका वाळक्या, टापटीप म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून उतरवलं. दवाखान्यातून परतताना चहाला इथे थांबायची त्यांची रीत असावी. बाई म्हणाल्या, "आजोबा, या बघा त्या, तुम्हाला तळाला पाठवणाऱ्या."

आजोबांनी सुनेकडे नीट बघितलं. "या? या तर चांगल्या घरच्या दिसतात." मग खुर्चीत बसत म्हणाले, "अहो, रडू नका. मी आयुष्यभर रांगेत शेवटीच उभा राहिलोय. सवय आहे. या वेळी मशीनला सवय नव्हती, एवढंच."

ती रडत नव्हती. पण आजोबांनी असं म्हटल्यावर तिला डोळे पुसावे लागले. बाईंनी मग बोलणी घालायचं काम अर्ध्यावर सोडलं आणि कपात चहा ओतला.

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला धीर द्यावा म्हणून मी आमच्या कंपनीतली गोष्ट काढली. आमचे एक नायक एका ठिकाणी कायम चुकीचं वाक्य म्हणत. लेखकाने लिहिलं होतं 'दिवा लाव', ते म्हणत 'दार लाव'. शेकडो प्रयोग. मी विंगेत त्याच चुकीच्या वाक्याची वाट बघत उभी राहायची, कारण माझा प्रवेश तिथे होता. मग नवा प्रॉम्प्टर आला. हुशार, मेहनती. पहिल्याच प्रयोगात त्याने पुस्तकातलं वाक्य असं ठासून पुरवलं की नायकाने तेच म्हटलं. मी विंगेतच. रंगमंचावर नायक एकटा, आणि समोर हजार डोळे.

"मग काय केलं तुम्ही?" तिने विचारलं.

"पुढच्या प्रयोगापासून पुन्हा 'दार लाव'. प्रॉम्प्टरने स्वतःच्या पुस्तकात पेनाने बदलून घेतलं."

मला वाटलं, आता ही म्हणेल, आई, तुम्ही माझे डोळे उघडलेत. ती म्हणाली, "मी ती चूक परत बसवायचं कालच ठरवलंय. आज फक्त बघायला आले होते. बिस्किटं आहेत का पिशवीत?"

होती. दिली.

पण जुनीतली एखादी दुरुस्ती मागे घ्यायची तर त्यांच्यात नियम होता: एकट्याने करायचं नाही, सगळ्यांपुढे मांडायचं. त्या आठवड्याची बैठक मी उंबऱ्यातूनच ऐकली. दार तिने लोटलं नाही. मला वाटतं मुद्दामच.

"ताई, पुस्तिकेत काय लिहिलंय?" कप्तान विचारत होता. "रिकामे तळाशी. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे सॉफ्टवेअर चुकत होतं आणि तू ते सुधारलंस."

"हो."

"आणि आता सुधारलेलं पुन्हा बिघडवायचं?"

"जुनीत. नवीत सुधारलेलंच राहू दे. नवीत येणारा माणूस नव्याने शिकायच्या तयारीने येतो. जुनीत राहिलेला काही बदलू नये म्हणून राहिलाय."

कुणीतरी हसलं. कप्तान म्हणाला, "अगं, त्या बाईंना सांग ना, वेळ भरत जा म्हणून. पाच मिनिटांचं काम आहे."

"सांगितलंय. त्या भरतायत. त्या मला सापडल्या, कारण त्या भांडल्या. जे भांडत नाहीत त्यांचं काय? त्यांना वाटेल आपलंच काहीतरी चुकलं, आणि ते गप्प बसतील."

कप्तानाचा आवाज खाली आला. म्हणजे आता खरं बोलणार. चांगला नट असता तो.

"ताई, स्पष्ट बोलतो. हे जुनीचं ओझं झालंय. तिच्यावर काम करायला कुणी तयार नाही. आज हे झालं, उद्या आणखी काही होईल. आपण ती या वर्षअखेरीस बंद करू. लोकांना सांगू, नवीवर या. तू मोकळी होशील, याद्यांचा भाग हातात घेशील. तुला तेच हवंय ना?"

"आपण दोन वर्षांनंतरची तारीख जाहीर केलीय."

"कुणी वाचलीय ती तारीख?"

"एका गॅरेजच्या भिंतीवर लिहिलेली मी परवा बघितली. टायरच्या खाली."

"एका गॅरेजच्या."

"मी एकाच गॅरेजमध्ये गेले होते," ती म्हणाली.

यावर कुणी हसलं नाही. कप्तानाने टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाला, "ठीक. चूक परत बसव, माझी हरकत नाही. पण तारीख पाळायची असेल तर तू एकटीने पाळायची. माझ्याकडे द्यायला माणूस नाही. आणि याद्यांचं काम दोन वर्षं थांबणार नाही, ते मला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. आजच्या आज उत्तर नको. उद्या सांग."

त्याने हे रागाने म्हटलं नाही. म्हणूनच जड गेलं.

संध्याकाळी आम्ही तिघं गॅलरीत बसलो होतो. खाली रस्त्यावर दुकानं बंद व्हायची वेळ, शटरांचे आवाज. माझा मुलगा शाळेत खेळ शिकवतो, त्याला सगळ्यावर एकच उपाय सुचतो. "धावून ये एक फेरी," तो म्हणाला.

"तू गप," मी म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "हे बघ, मी तुझी सासू आहे, आई नाही, म्हणून खरं सांगते. ते याद्यांचं काम तू किती रविवार उराशी धरून बसलीस ते मी बघितलंय. ते दुसऱ्याला दिलं तर तुला लागेल. आज नाही, पण लागेल. दोन वर्षांनी कुणी येऊन म्हणणार नाही, की शाबास, तारीख पाळलीस."

"माहितीये, आई."

"मग?"

ती खाली रस्त्याकडे बघत बोलली. "माझे बाबा बस चालवायचे. त्यांची एक फेरी होती, आडवळणाच्या वस्त्यांवर जाणारी. माणसं थोडी, तोटा फार. एक दिवस साहेबांनी ती बंद केली. वेळापत्रक तसंच, थांब्यावरच्या पाट्या तशाच, फक्त बस येणार नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना दुसरी, चांगली फेरी मिळाली होती. पण ते पहाटे उठले आणि सायकल काढून एकेक थांब्यावर गेले. उभ्या असलेल्या लोकांना सांगितलं, बस येणार नाही, थांबू नका. घरी आले ते तापलेलेच. आईला म्हणाले, बंद करायची तर करा, पण पाटीवर वेळ लिहून ठेवायची आणि यायचं नाही, हे काय?"

"मग पाटी बदलली का त्यांनी?" मुलाने विचारलं.

"बाबांनी स्वतः रंगवली. साहेबांची बोलणीही खाल्ली."

मला त्या सायकलवाल्या व्याह्यांचा चेहरा आठवत होता. लग्नात ते मला म्हणाले होते, पोर हट्टी आहे, सांभाळून घ्या. मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कप्तानाला कळवलं. मी तिथे नव्हते, दाताच्या डॉक्टरकडे होते. परत आले तर ती ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती, आणि कांदा हे फार सोयीचं निमित्त असतं.

"झालं?"

"झालं. चूक परत बसवली. आजोबा उद्यापासून वेळ न भरताही पुन्हा वर."

"आणि याद्या?"

"एका मुलीला दिल्यात. हुशार आहे. मी तिला माझं सगळं पाठवून दिलं."

"सगळं?"

"मग काय अर्धं पाठवू?"

पुढची दोन वर्षं जुनीवर ती एकटीच होती. नव्या आवृत्त्या येत गेल्या. त्यांच्या घोषणा झाल्या, अभिनंदनं झाली. याद्यांचा तो भाग आला तेव्हा तिने मला दाखवला. रंगीत, चपळ, बोट लावलं की सरकणारा. "चांगला केलाय तिने," सून म्हणाली. "मी एवढा चांगला केला नसता." हे खरं नव्हतं. पण मी पण एके काळी दुसरीला मिळालेल्या भूमिकेचं कौतुक केलंय आणि ते कसं करायचं असतं ते मला ठाऊक आहे. मी म्हणाले, "रंग जरा भडक आहेत." ती खुदकन हसली.

जुनीत ती नवीन काही घालू शकत नव्हती, म्हणून शेवटचं वर्ष तिने माणसांवर घातलं. जे जे जुनीवर होते त्यांना ती शोधून काढून सांगे, तारीख जवळ येतेय, आतापासून तयारी करा. नवीवर कसं हलायचं ते एकेकाला फोनवर शिकवलं. वाचनालयाचे गृहस्थ होते, त्यांना प्रत्येक बटण दाबण्याआधी विचारायची सवय. "दाबू?" "दाबा काका." "नक्की?" "नक्की." स्वयंपाकघरात हे ऐकून ऐकून मलाही वेबसाईट हलवता आली असती. गॅरेजच्या बाई सगळ्यांत आधी हलल्या. नव्या आवृत्तीत 'आधी न्या' अशी खूण करायला वेगळी जागाच होती. त्यांचा फोन आला, "अगं, हे तर किती सोपं आहे! हे मला आधी का नाही दिलंस?"

"तुम्ही भांडला नाहीत ना मावशी यासाठी."

"तेही खरंच. आजोबांनी नमस्कार सांगितलाय. म्हणाले, वर आहे अजून. यादीत."

मग ती तारीख आली. साधी शुक्रवारची दुपार. मी उंबऱ्यात, ती खुर्चीत. तिने जुन्या आवृत्तीचं शेवटचं भोक बुजवून पाठवून दिलं होतं, आणि आता ती एक लहानशी सूचना लिहीत होती, की आजपासून हिची देखभाल थांबली. तेवढ्यात फोन वाजला. कप्तान. स्पीकर लागला.

आधी इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "ताई, एक अडचण आहे. ती मोठी शिक्षणसंस्था आहे ना, बऱ्याच शाळांची, ते अजून जुनीवरच आहेत. झोपून राहिले. आज त्यांचे साहेब मला म्हणतायत, आणखी दोन महिने चालू ठेवा. मोठं गिऱ्हाईक आहे, उद्या आपल्या उपयोगी पडेल. तसं तुला काय जड आहे? तू तर या जुनीसाठी माझ्याशी भांडली होतीस."

सुनेने पेन्सिल अंबाड्यातून काढली आणि टेबलावर ठेवली.

"मी जुनीसाठी नव्हते भांडले," ती म्हणाली. "तारखेसाठी भांडले होते. वाचनालयाचे काका तारीख बघून तीन आठवडे माझ्याबरोबर बसले. गॅरेजच्या बाई तारीख बघून हलल्या. आता तारीखच हलवली तर ते येडे ठरले की."

"अगं पण त्यांच्या हजारो मुलांची..."

"त्यांना तीनदा कळवलं होतं मी."

"म्हणजे नाही म्हणू?"

मी मटाराची शेंग तशीच हातात धरून बसले. हिला त्या शाळांची काळजी नव्हती असं नाही. तिचा अंगठा खुर्चीच्या हातावर सारखा घासत होता, ते मला दिसत होतं. तिने ती सूचना पुन्हा एकदा वाचली, बटण दाबलं, आणि मग फोनकडे तोंड करून म्हणाली, "नाही म्हणा. आणि माझा नंबर द्या त्यांना. सोमवारी सकाळी येते म्हणावं, हलवाहलव करायला. फक्त त्यांच्या कुणाला तरी तिथे बसून राहायला सांगा, मी एकटी करणार नाही."